निर्णायक मत

विषय क्रमांक सात: हॉटेल अल्बेमार्ल,
समुद्ररस्ता, स्कारनेस.
जुनी इमारत पाडणे. त्या जागी आठ मजले,
बासष्ट सदनिका, तळाला कॅफे,
आणि हॉटेल म्हणायला अकरा खोल्या.

सकाळी पाहणी झाली.
डोक्यावर पिवळ्या टोप्या घालून
आम्ही नऊ सभासद नाचघरात उभे.
ऑक्सटोबीबाईंनी टाच आपटून पाहिली:
फळ्यांखालच्या स्प्रिंगा अजून शाबूत.
छतातून मात्र आभाळ दिसत होतं,
भिंतींना मिठाचे पापुद्रे,
नुसतं बोट लावलं तरी सुटणारे.

आता पडद्यावर वास्तुविशारदाचं चित्र.
त्याच्या चित्रात नेहमी ऊनच असतं.
गच्चीवर एक मुलगी, हातात लाल फुगा.
एकाच्याही अंगात रेनकोट नाही.
जन्म गेला माझा या किनाऱ्यावर;
फुगा इथे मिनिटभर टिकत नाही,
वारा तो डेन्मार्कला पोचता करतो.

हरकती एकशे बारा. पाठिंब्याची पत्रं चाळीस,
त्यातली तीस एकाच छापाची.
सावलीचा तक्ता सोबत जोडला आहे:
ऑक्टोबरात, दुपारी तीन वाजता,
सावली पुळणीवर उतरेल,
मुलांच्या उथळ हौदापर्यंत.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
विनिफ्रेड टास्कर वही घेऊन उठल्या.
वळचणीला पाकोळ्यांची सव्वीस घरटी,
एकोणीस वर्षांच्या नोंदी, पेन्सिलीने.
"आफ्रिकेहून येतात आणि त्याच भोकात शिरतात.
मे महिन्यात आल्या आणि भोकच नसलं,
तर त्यांनी हरकत कुठे नोंदवायची?"
काहीजण हसले.
घंटा वाजली तेव्हा त्या अजून
दोन हजार नऊ सालातच होत्या.

मग कॅलम रेडशॉ, गिलावा करणारा,
बुटांवर तसाच वाळलेला चुना.
"कामाला मी रोज दीड तास जातो, दीड तास येतो.
तुम्हाला आठवणी आहेत, साहेब.
मला हप्ते आहेत."
आणि बसला,
दोन मिनिटं तशीच शिल्लक टाकून.

हितसंबंध जाहीर करायचा कागद
आम्ही सगळ्यांनी आधीच भरलेला.
जमीन, शेअर्स, नातेवाईक: तीन रकाने.
मी तिन्हींत 'नाही' लिहिलं.
सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात
याच हॉटेलच्या मोरीत मी बशा पुसायचो,
आणि मागच्या जिन्यात मॅव्हिस
चादरी मोजायची,
माझ्यामुळे दोनदा मोजणं चुकली,
याला रकाना नाही.
तिचं नाव आता टेकडीवरच्या दगडावर आहे,
खाली माझ्यापुरती जागा कोरी.
तिथली परवानगी मी घेऊन ठेवली आहे.

हात वर. बाजूने चार, विरुद्ध चार.
सचिवाने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

कायदा म्हणतो, कारण द्या.
दृश्य हे कारण नाही,
दृश्यावर कुणाचा सातबारा नसतो.
हळहळ चालत नाही.
सावली चालते, पाकोळी चालते,
गाड्या लावायची जागा तर फारच चालते.

मी म्हणालो, मंजूर. अटींसह.
अट चौदा: सव्वीस पोकळ विटा, जुन्याच उंचीवर.
अट पंधरा: एप्रिल ते सप्टेंबर पाडकाम नाही.
अट सोळा सुचली ती बोलताबोलताच:
नाचघराची फरशी काढून, जपून,
कॅफेत पुन्हा बसवावी.
"कारण काय लिहू?" सचिव.
"वारसा," मी म्हणालो.
त्याने लिहिलं. काही खोटंही नव्हतं त्यात.

बाहेर टास्करबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.
कॅलमने व्हॅनमधून हात केला,
मला, की मागच्या कुणाला, कळलं नाही.

अल्बेमार्लच्या जाळीवर आमची नोटीस
पावसाने भिजून एका कोपऱ्यात सुटली होती.
मी ती अंगठ्याने परत दाबली,
चिकटेपर्यंत उभा राहिलो.
हरकतींची शेवटची तारीख
गेल्या महिन्यातली.